दोरा दिसला, असं मी लिहिलं

परवा भाजी आणायला निघाले आणि खुंटीवरची ती पिशवी हाताला आली. जाड कापडाची, पक्क्या शिलाईची. तिच्यावर एका गरोदर बाईचं रेखाचित्र आहे. पोट गोल, दोन्ही हात पोटावर, आणि चेहरा कोरा. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. नांदेडच्या एका हॉटेलात बायकांच्या आरोग्यावर परिषद झाली होती, तिथे ती सगळ्यांना फुकट वाटली होती. मला तेव्हा ती फार आवडली होती. इतकी वर्षं मी तिच्यातून मेथी-शेपू वाहतेय, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी बाईला तोंड काढायचं ठेवूनच दिलंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात येणार कसं? मीही त्यातलीच.

मी बोलणारी बाई नाही. नवरा म्हणतो, आडात पडलेली बादली गळानं काढावी तशी तुझ्याकडनं गोष्ट काढावी लागते. ही गोष्ट त्यालाही मी अलीकडेच सांगितली. आता इथे लिहिते, म्हणजे परत परत सांगायला नको.

मी शिकलेली नर्स. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात पंधरा वर्षं उभी राहिले. गुडघे गेले तेव्हा तिथल्याच मोठ्या मॅडमनी मला संशोधनाच्या खोलीत खुर्ची दिली. काम काय, तर बायकांकडून फॉर्म भरून घ्यायचे, त्यांची संमती घ्यायची, नंतर त्यांना परत बोलावून कशा आहेत ते विचारायचं आणि लिहायचं. वॉर्डातल्या पोरी मला फॉर्मवाल्या बाई म्हणायच्या. मी त्यांना रागवायचे. खरं तर एवढं अचूक नाव मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

संशोधन तांबीचं, म्हणजे कॉपर-टीचं होतं. बाळंतपणात वार पडल्याबरोबर, दहा मिनिटांच्या आत, गर्भाशयात तांबी बसवून टाकली तर ती टिकते का, बाईला त्रास होतो का, हे पाहायचं. यात वाईट काही नाही. मी स्वतः आठ वर्षं तांबी वापरली आहे आणि माझं काही बिघडलं नाही. फक्त मला विचारून बसवली होती.

नियमही विचारायचाच होता. बाई गरोदरपणात तपासायला येईल तेव्हा तिला शांतपणे बसवून सगळं समजावायचं, घरी जाऊन विचार करायला सांगायचं, मग सही. कागदावर याला समुपदेशन म्हणत. आमच्याकडे मात्र पहिलटकरणी सासरी तपासून घ्यायच्या आणि सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी यायच्या. नांदेडच्या आसपासचं माहेर असलं की कळा सुरू झाल्यावर जीपमध्ये घालून थेट आमच्या दारात. त्यांना शांतपणे बसवायचं कुठे? त्या धड उभ्याही राहू शकत नव्हत्या. मग मी दोन कळांच्या मधे माझं समुपदेशन उरकायचे. पाठ केलेलं होतं. एका कळेपासून दुसऱ्या कळेपर्यंत बरोबर बसायचं.

सुरुवातीला मी तांबी हा शब्द वापरायचे. लगेच बाईची आई मधे पडायची. "पहिलटकरणीला तांबी? न्हाई बाई. तिची सासू मला जित्ती ठिवंल का?" आठवडाभर असं झालं तेव्हा मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मॅडम कधी आवाज चढवत नसत. पेढ्याचा बॉक्स पुढे केल्यासारखं हसत बोलायच्या.

"तांबी तांबी काय करतेस गं? साधन म्हण. आरोग्यासाठी एक छोटं साधन. ऐकायलाही बरं वाटतं."

मला त्यात खोट दिसली नाही असं मी म्हणणार नाही. दिसली. मी पेढा घेतला.

त्या दिवसापासून कुणी अडवलं नाही. साधनाला कोण अडवणार? फॉर्मवर सही मात्र वेळ खायची. कळेनं हात थरथरतो, पेन गळतं, कागद ओला होतो. म्हणून मी शाईची गादी जवळ ठेवायला लागले. अंगठा धरायचा, गादीवर टेकवायचा, कागदावर टेकवायचा, झालं. दहावी-बारावी झालेल्या मुलींचेही मी अंगठे घेतले. त्यांना अक्षर येतं की नाही, हा फॉर्मचा प्रश्न नव्हता.

इथे मला माझ्या आजोबांबद्दल दोन ओळी लिहिणं भाग आहे, नाहीतर माझा निर्लज्जपणा पुरता कळायचा नाही. आजोबांचा अंगठा एका कागदावर घेतला होता. कागद कसला ते त्यांना गावातल्या एकानं वेगळंच सांगितलं होतं, आणि त्या अंगठ्यात इनामी जमिनीचा तुकडा गेला. वडील जिल्हा परिषदेत शिपाई. त्यांनी आम्हा तिघी बहिणींना पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं ते अ नव्हे, जिचं तिचं नाव. आमच्या घरात अंगठा संपला, असं ते पाहुण्यारावळ्यांना, बुद्धविहारात भेटेल त्याला छाती काढून सांगत. त्यांची मोठी लेक नांदेडात शाईची गादी घेऊन बसली होती, हे त्यांना कधी कळलं नाही. बरं झालं.

आता ती मुलगी.

कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातलं माहेर, औशाचं सासर. पहिली खेप. आई सोबत होती, कोपऱ्यात उभी राहून पदर दातात धरून. मी नेहमीचं म्हणून टाकलं: "छोटं साधन आहे ताई, तब्येतीसाठी चांगलं असतं, चालेल ना?" पोरीनं डोळे मिटून मान हलवली. ती कळेला होती का साधनाला, देव जाणे. मी तिचा अंगठा धरला तशी ती डोळे उघडून म्हणाली, "मला लिहिता येतं."

"राहू दे गं बाई. हात बघ कसा थरथरतोय."

"बारावी झालीय माझी. करते ना मी सही."

तेवढ्यात पुढची कळ आली आणि मी अंगठा टेकवून घेतला.

मुलगी झाली. तांबी बसली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना तिच्या कार्डाच्या कोपऱ्यात तांबीची इंग्रजी चार अक्षरं लिहिली, ज्यांचा अर्थ तिच्या घरात कुणाला कळणार नव्हता. सहा आठवड्यांनी तपासायला या, असं मी सांगितलं. आईनं हात जोडले. मला त्या हात जोडण्याचं काहीही वाटलं नाही. वॉर्डात दिवसाला पन्नास जण हात जोडतात.

पुढचं समजायला आमच्या फॉर्मची एक गंमत सांगायला हवी. फॉर्मवर पत्त्याला एकच जागा होती आणि फोनला एकच. तिथे आम्ही नवऱ्याच्या घरचा पत्ता आणि सासऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर लिहायचो. लग्न झालेल्या बाईचा पत्ता दुसरा कुठला असतो? पण पहिलं बाळंतपण झालेली मुलगी दोन-तीन महिने असते कुठे? माहेरी. बाजेवर. खाली शेगडी. आमच्या खोलीत ज्या सहा जणी होतो त्या सगळ्या लग्न झालेल्या, पहिल्या खेपेला सगळ्या माहेरी गेलेल्या, सगळ्यांच्या बाजेखाली शेगडी होती. आणि सहाच्या सहा जणी सहाव्या आठवड्यात सासरी फोन लावून विचारत होतो, सूनबाई कशी आहे म्हणून.

या प्रश्नाला सासू काय उत्तर देणार? सून तीन महिने नजरेआड आहे, मुलगी झाली म्हणून तिची नीट विचारपूसही केलेली नाही, हे ती दवाखान्याच्या अनोळखी बाईला सांगणार होय?

औशाला मी फोन लावला तो सासूनंच उचलला.

"हालो. हाव. कोन?"

"नांदेडच्या दवाखान्यातून बोलते. सूनबाई बऱ्या आहेत ना?"

"हाव, बरी हाय. लेकरू बी बरं हाय. पैशाचं काई हाय का?"

"नाही, नाही. काही त्रास, अंगावरून जास्त जाणं, पोटात दुखणं?"

"बरी हाय म्हनलं की. ठिवते मग."

तपासायला आली नाही तर फॉर्ममध्ये "आली नाही" अशीही एक चौकट होती. पण मॅडमना ती चौकट आवडत नसे. "रिकामी जागा म्हणजे हरवलेली बाई," त्या म्हणायच्या, "आणि आपल्याकडे बायका हरवत नाहीत." ज्या अभ्यासात फार बायका हरवतात त्याला बाहेर किंमत नसते, हे त्यांनी मला हसत हसत समजावलं होतं. मग मी फोन ठेवायचे आणि लिहायचे: तपासणी झाली. तक्रार नाही. दोरा दिसला.

दोरा म्हणजे तांबीला खाली बारीक दोरा असतो, तपासताना तो दिसला की तांबी जागेवर आहे असं समजतात. नाही दिसला तर सोनोग्राफी करून शोधायची. मी औशाच्या एका बाईच्या "ठिवते मग" मध्ये कंधारच्या एका मुलीचा दोरा पाहिला. एवढी लांबची नजर कुठल्या डॉक्टरला नसेल.

परिषदेत मॅडमनी पडद्यावर आमच्या बायका दाखवल्या. म्हणजे खांब दाखवले, निळे आणि गुलाबी. हरवलेल्यांचा खांब एवढासा होता, पणतीच्या वातीएवढा. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, मराठवाड्यासारख्या भागात हे कसं साध्य केलंत? मॅडम म्हणाल्या, आमच्या सिस्टर घराघराशी नातं जोडतात. मला उभं केलं. टाळ्या झाल्या. मग जेवणात पनीरच्या भाजीच्या रांगेत त्याच टाळ्या वाजवणारे हात डाव घेण्यासाठी एकमेकांना ढकलत होते. कुणी कुणाला विचारलं नाही की या घराघरातली एक बाई तरी इथे का नाही. मी पिशवी घेऊन घरी आले आणि नवऱ्याला म्हणाले, बघ, किती छान कापड आहे.

मग नवऱ्याची बदली लातूरला झाली. मलाही तिथल्या एका खाजगी दवाखान्यात असंच काम मिळालं. दुसरं मूल का राहत नाही, याचा अभ्यास. डॉक्टर तरुण, घाईतले, मनानं वाईट नाहीत. एवढंच की समोरची बाई त्यांना कायम सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी-पांढरीच दिसते.

एका सकाळी औशाची सासू सुनेला घेऊन आली. सासूच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला विभूती, हातात पिकलेल्या केळ्यांची पिशवी. सून मागे.

"पैली पोरगी चार वर्साची व्हत आली," सासू मला सांगू लागली, "दुसरं राहूनच न्हाई राहिलं. औशाच्या डागदरनं गोळ्या दिल्या, झाडपाला झाला, येका बाबाकडं बी नेलं. पाळीत तर हिच्या अंगावरून नुसतं पान्यावानी जातं. लई बेजार झाले बघा."

मी फॉर्म काढला. पहिलं बाळंतपण कुठे? नांदेड. दवाखाना? तिनं नाव सांगितलं. माहेर? कंधारकडचं. पुढे संमतीची जागा आली आणि मी सवयीनं गादीकडे हात नेला, तर तिनं माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं.

"मी करते सही. मला येतं."

नांदेडला माझ्या तोंडाला मास्क होता. तिनं मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

फॉर्ममध्ये प्रश्न होता: पूर्वी कुठलं गर्भनिरोधक वापरलं का? "न्हाई," ती म्हणाली. मी लिहिलं, साधन वापरलेलं नाही. लिहिताना मला ठाऊक होतं.

आत डॉक्टरांनी मशीन फिरवलं आणि हसले. "अहो, आत तांबी आहे की. मग मूल कसं राहील?"

"कुनाची तांबी?" सासूनं विचारलं.

"पोटात हिच्या आहे, म्हणजे हिचीच ना आजी."

सासू सुनेकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "कवा बसवलीस?"

"मी न्हाई बसवली, आत्या. मला मालूमच न्हाई."

"मग काय आपोआप उगवली? भुईमुगाच्या शेंगंवानी?"

"आईशप्पथ न्हाई."

"आईचीच शप्पथ घे तू. तिनंच शिकवलं आसंल. दुसरी बी पोरगीच झाली तर, म्हनून मायलेकींनी मिळून गुपचूप केलं. आन् म्या येडी, बाबाकडं नारळ फोडून राहिले." तिनं गळ्यातली डबी पुढे केली. "लिंगावर हात ठिवून सांग."

मुलीनं हात ठेवला. "न्हाई बसवली."

"आता लिंगाची बी भीती न्हाई राहिली," सासू म्हणाली आणि डबी मागे घेतली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "हिस्ट्रीत काय आहे?"

"साधन वापरलेलं नाही, असं सांगितलंय."

"लपवतात हो बायका," ते म्हणाले.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत दुसरी बाई मीच होते. आणि मी मान हलवली. नुसती मान. आयुष्यात मी बरीच खोटी अक्षरं लिहिली, पण त्या एका हलवलेल्या मानेएवढं खोटं त्यांच्यातलं एकही नव्हतं.

त्या रात्री जुनी डायरी काढून पाहिली. फोन केलेल्या नावांपुढे मी बरोबरच्या खुणा करत असे. तिच्या नावापुढे खूण होती, चांगली ठळक. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन लावला.

"अगं, तू होय. लातूरचं पाणी मानवलं का?"

मी सांगितलं.

"फॉर्मवर अंगठा आहे ना? मग संमती आहे."

"ती बारावी शिकलीय, मॅडम. तिला सही येते."

"हे बघ, तांबीनं कुणी मरत नाही. काढली की झालं, पुढच्या वर्षी पेढे येतील तुला. फाईल बंद झालीय, लेख छापून आलाय. आणि दोरा दिसला, असं कुणी लिहिलंय? अक्षर कुणाचं आहे?"

"माझं."

"तेच म्हणते," मॅडम म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत?"

मी त्यांना दोष देऊन मोकळी होऊ शकते. देतेही. त्या बाईला मी आता रस्त्यात नमस्कार करणार नाही. पण त्या फोननंतर मी दोन महिने गप्प बसले, त्यात त्यांचा हात नव्हता. मी डबा करत होते, मालिका पाहत होते, पंचशील म्हणत होते. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, असं रोज सकाळी हात जोडून म्हणायचे आणि चहा ठेवायचे.

मग एका सोमवारी सासू एकटीच दवाखान्यात आली.

"तो फोटूचा कागद द्या मॅडम. तांबीचा."

"कशाला?"

"बैठक हाय पुढच्या मंगळवारी. तिला मायीकडं लावून दिलंय तवाच. आता सोडचिठ्ठीचं बोलायचं हाय. तिच्याकडचे लोक खोटंच म्हनून राहिलेत, तर म्हनलं दवाखान्याचा कागद दावावा."

कागद माझ्याच कपाटात होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

"डॉक्टरांची सही राहिलीय," मी म्हणाले. "पुढच्या सोमवारी या."

हेही खोटंच होतं. पण त्यानं मला सहा दिवस मिळाले. त्यातले चार मी भीतीत घालवले आणि शनिवारी कंधारची एसटी धरली.

खेड्यात घर शोधायला वेळ लागला नाही. माघारी आलेल्या मुलीचं घर कुणीही बोट करून दाखवतं. ती अंगणात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. आई दारात. चार वर्षांची पोर एका कोंबडीमागे फिरत होती. मी पाणी घेतलं नाही, आधी सांगितलं. साधन म्हणजे तांबी. अंगठा मी घेतला. फोन मी औशाला केला. दोरा दिसला, असं मी लिहिलं. त्या दिवशी लातूरला मान मी हलवली.

आई दारातून पुढे आली. "बाई, हात जोडले की व्हो म्या तुमाला," एवढंच म्हणाली.

मुलीनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि गोळ्यांची एक छोटी बाटली घेऊन आली. बाटलीत तांबी होती. कंधारला काढून घेतली होती तिनं, आणि जपून ठेवली होती, का ते तिलाच माहीत. तिनं बाटली माझ्या तोंडासमोर धरली. बारीक दोरा काचेला चिकटला होता.

"हा का तो दोरा?"

"हो."

"आत गोळा होऊन बसला होता म्हणे. कुनालाच दिसला नसता, आसं कंधारच्या मॅडम म्हनल्या." तिनं बाटली फिरवून पाहिली. "तुमाला बरा दिसला."

"लिहून द्या," ती म्हणाली.

तिच्या चुलतभावाच्या वहीतलं पान फाडून घेतलं. इतकी वर्षं फॉर्म भरलेले, पण ते एक पान लिहायला मला तास लागला. प्रत्येक वाक्यात "बसवण्यात आली", "लिहिण्यात आलं" असंच येत होतं. ती शेजारी उभी राहून वाचत होती. "कुनी बसवण्यात आली? माणूस लिहा." मी खोडलं, "मी" लिहिलं. शेवटी नाव, नर्स म्हणून माझा नोंदणी क्रमांक, तारीख. सही करायला पेन टेकवलं तर तिनं कागद ओढून घेतला.

"सही नको. सह्या तुमी लई करता. अंगठा द्या."

घरात गादी नव्हती. तव्याच्या बुडाची काजळी आणली, तेलाचा थेंब घातला. तिनं माझा अंगठा धरला, काजळीत दाबला, कागदावर टेकवला. घट्ट धरला होता. मला वडील आठवले, हे वेगळं सांगायला नको.

मला वाटलं, झालं. निघाले. ती म्हणाली, "कुठं? उद्या औशाला चलायचं. कागद तर कुनी बी लिहितं."

रविवारी आम्ही चौघी एसटीनं निघालो. लातूरपर्यंत ती माझ्या शेजारी बसली नाही. पोर सारखी मागे वळून पाहत होती. "ही कोन हाय गं?"

"दवाखान्यातली हाय."

"आपल्या घरी येऊन राहिली?"

"हाव. बोलायला."

औशात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं भुसार मालाचं छोटं दुकान आहे, मागे घर. सासू ओट्यावर तूर निवडत होती, मुलगा, म्हणजे हिचा नवरा, दुकान बंद करून हिशेबाच्या वह्या आवरत होता. सुनेला पाहून सासू उठली. "बैठक मंगळवारी हाय. आज कशाला आलाव?"

"ह्या बाईला बोलायचं हाय," मुलगी म्हणाली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

मी उभ्यानंच सांगितलं. काल एकदा सांगून झालं होतं म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. सासू तुरीतला हात न काढता ऐकत होती. फोनचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"आलता फोन," ती म्हणाली. "पैशाचं काई हाय का, इचारलं व्हतं म्या."

"हो. तुम्ही बरी आहे म्हणालात."

"ती हितं कुठं व्हती? मायीकडं व्हती की."

"हो."

"मग ती कुठं हाय, हे तुमी इचारायचं न्हाई?"

"नाही विचारलं."

"आन् लिवलं काय?"

"तपासलं, असं. दोरा दिसला, असं."

सासू हसली, पण कुणाला ते कळलं नाही. "म्या बोटाएवढं खोटं बोलले, तुमी हातभर लिवलं." मग सुनेकडे न पाहता, तुरीकडे पाहत म्हणाली, "येक फोन म्याच करायला पायजे व्हता हिच्या मायीकडं. बरी हाय का, म्हनून."

गळ्यातली डबी तिनं मुठीत धरली आणि सोडली. आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि नातीच्या हातात दिलं. "तुझ्या मायीला दे. पाय धू म्हनावं आन् आत ये."

तिच्या नवऱ्यानं मी लिहून दिलेला तो कागद हातात घेतला होता. तो ओठ हलवत वाचत होता. खाली पोचला आणि थांबला.

"मॅडम, हे तुमीच लिहिलंय ना? अक्षर चांगलं हाय. मग खाली अंगठा कशाला?"

मी बोलायच्या आत उंबऱ्याबाहेरून आवाज आला.

"मला बी येत होतं. सांगितलं होतं मी."

त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि कागद पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला. मला कुणी बस म्हणालं नाही. चहाही नाही. तेवढं एक त्या घरानं बरोबर केलं.

सोमवारी सोनोग्राफीचा कागद न्यायला कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी तिची फाईल काढली. "साधन वापरलेलं नाही" ही ओळ खोडली आणि जागा पुरेना म्हणून कडेला उभं लिहिलं: तांबी कुणी बसवली, कुठे बसवली, तिला न सांगता, आणि दोरा कुणीही पाहिलेला नाही.

दुपारी डॉक्टरांच्या हाताला ती फाईल लागली.

"अहो सिस्टर, हे काय? केवढी घाण केलीत फाईल."

"हो," मी म्हणाले.